अर्ध्यावर बदललेला लाल : काशानच्या एका गालिच्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इराणमधल्या काशान शहरातल्या एका घरातलं आहे. विणणाऱ्या बायका, त्यांना काम देणारा व्यापारी आणि रंगरेज यांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, काही खुणाही बदलल्या आहेत. मी नैसर्गिक रंगांचं काम करते. मार्च २०१८मध्ये मंजिष्ठेचा रंग कसा काढतात ते बघायला मी तिथे गेले होते. रंगरेजाच्या ओळखीने या घरी चहाला गेले आणि त्यांच्या भानगडीत ओढली गेले.

काशान तेहरानच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला आहे. इथल्या गालिचे विणण्याच्या कलेची युनेस्कोने २०१० साली अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. त्या नोंदीनुसार शहरातल्या साधारण दर तिघांपैकी एकाचं पोट या धंद्यावर आहे आणि विणणाऱ्यांत दोन तृतीयांशांहून जास्त बायका आहेत. त्यामुळे घराच्या आतल्या खोलीत माग असणं हे तिथे आपल्याकडे शिवणयंत्र असण्याइतकंच साधं.

या घरात सासू आणि सून अशा दोघी विणत. माग, ताण्याचं सूत, रंगवलेली लोकर आणि नकाशा, सगळं व्यापाऱ्याचं. हात यांचे. मजुरी सप्टेंबर २०१७मध्ये रियालमध्ये ठरली, तोंडी. गिऱ्हाईक अमेरिकेतलं होतं. इराणी गालिच्यांवरची अमेरिकेची आयातबंदी जानेवारी २०१६मध्ये उठली होती आणि व्यापारी खुशीत होता.

मागावर काय होतं

दोन मीटर बाय तीन मीटरचा गालिचा, नक्षी 'लचक-तुरंज'. तुरंज म्हणजे महाळुंग. मधोमध टोकदार बदामी आकाराचं मोठं पदक. लचक म्हणजे डोक्याला बांधायचा तिकोनी रुमाल. चार कोपऱ्यांत तसे चार तिकोन. मधल्या मोकळ्या जागेत खताई वेली आणि शाह-अब्बासी फुलं, दोन्ही इराणी नक्षीतले ठरलेले प्रकार. साडीच्या भाषेत सांगायचं तर काठ गर्द निळा आणि अंग लाल. काशानची ही नेहमीची जोडी.

या नक्षीची एक गोम पुढच्या सगळ्या गोष्टीला कारण झाली. नक्षीकार नकाशाचा फक्त चौथा भाग काढतो. चौकटीच्या कागदावर, एका चौकोनाला एक गाठ. तो कागद फळ्यांवर चिकटवून वर रोगण देतात. विणणारी खालून मध्यापर्यंत येते आणि मग तोच नकाशा उलटा वाचत वर जाते. म्हणजे वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याचं प्रतिबिंब. बघणाऱ्याचा डोळा नकळत दोन्ही अर्ध्यांची तुलना करत राहतो.

विणकाम ५० 'रज'चं, म्हणजे साडेसहा सेंटीमीटरमध्ये ५० गाठी. एका ओळीत दीड हजारावर गाठी, पूर्ण गालिच्यात साडेपस्तीस लाखांच्या घरात. गाठ फारसी पद्धतीची: लोकर एका ताण्याभोवती पूर्ण फिरते, शेजारच्याच्या फक्त मागून जाते. ओळ झाली की दोन बाणे, एक जाड आणि ताठ, दुसरा बारीक आणि सैल, आणि त्यावर दफ्तीनचे ठोके. दफ्तीन म्हणजे जड लोखंडी फणी. बाण्याचं सूत फिकट निळं, त्यामुळे गालिचा उलटा केला की निळसर झाक दिसते. दोघी मिळून दिवसाला १६,००० गाठी घालत. एवढं करून गालिचा दिवसाला दीड सेंटीमीटरसुद्धा वर सरकत नसे.

अडचण

नवरोज २१ मार्चला होता. त्याआधी घरोघर 'खाने-तकानी' चालते, आपल्या दिवाळीच्या साफसफाईसारखी. हिवाळाभर मागाच्या खोलीच्या खिडकीवर थंडीसाठी प्लास्टिक ठोकलेलं होतं. ते काढलं, काचा पुसल्या आणि सकाळचं ऊन प्रथमच आडवं मागावर पडलं.

गालिचा तेव्हा १८० सेंटीमीटर विणून झाला होता. १४२व्या सेंटीमीटरवर एक रेघ दिसत होती. रेघेखाली लाल रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा, किंचित निळसर आणि खोल. वर विटकरी. खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली महिनाभर ते कुणाला दिसलं नव्हतं.

कुणालाच दिसलं नव्हतं असं मात्र नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवी लडी सोडली त्याच दिवशी सून म्हणाली होती की हा लाल वेगळा आहे. सासूने उत्तर दिलं की कातरल्यावर एक होईल. या उत्तरात तथ्य असतं. लोकरीचे टोक न कातरलेले असले की रंग फसवा दिसतो, आणि लव एका बाजूला झुकलेली असते म्हणून तोच गालिचा एका टोकाकडून गडद आणि दुसऱ्या टोकाकडून उजळ दिसतो. तरी सुनेने व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, चालू ठेवा.

पाणी कुठे मुरलं

एकाच घाणीत, म्हणजे हंड्याच्या एकाच भरणीत, सगळी लोकर का रंगवली नाही? लाल लोकर लागणार होती आठेक किलो, रंगरेजाचा हंडा पाच किलोचा, आणि व्यापाऱ्याने पैसे दोन हप्त्यांत दिले. पहिली घाण उन्हाळ्याच्या शेवटी निघाली, दुसरी डिसेंबरात. मंजिष्ठा दोन्ही वेळी यज्द प्रांतातली, एकाच पोत्यातली. तुरटी तीच, लोकर तीच. रंगरेज शपथेवर सांगत होता की त्याने काहीही बदललेलं नाही.

मी त्याच्या भट्टीवर दोन दिवस बसले. तिसऱ्या चहाला कळलं की डिसेंबरात विहिरीचा पंप बिघडला होता आणि त्याने शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी विकत आणून हंडा भरला होता. त्या भागात विहिरींचं पाणी खारट-जड असतं, म्हणून लोक असं 'आब-ए-शीरीन', गोडं पाणी, विकत घेतात. पाणी महाग, स्वच्छ. त्याच्या मते रंग उलट जास्त चांगला यायला हवा होता.

मंजिष्ठेचं गणित उलटं आहे. तिच्या मुळातलं लाल द्रव्य लोकरीवर पक्कं बसतं ते तुरटीतल्या अॅल्युमिनियममुळे, आणि त्याला तेज येतं ते पाण्यातल्या कॅल्शियममुळे. जड पाण्यात खोल लाल निघतो, मऊ पाण्यात नारिंगी-विटकरीकडे जातो. नीळ किंवा डाळिंबाच्या सालीचं तसं नाही, म्हणून त्याच्या बाकीच्या रंगांत फरक पडला नव्हता आणि त्याला शंका यायचं कारणही नव्हतं.

आम्ही तीन लहान पातेली मांडली, प्रत्येकात दहा ग्रॅम लोकर. एकात विहिरीचं पाणी (पंप तोवर दुरुस्त झाला होता), दुसऱ्यात गोडं पाणी, तिसऱ्यात गोडं पाणी आणि चिमूटभर खडूची पूड. आच मंदच ठेवली, कारण मंजिष्ठा उकळली की तपकिरी द्रव्यं सुटतात. संध्याकाळी लोकर धुऊन दोरीवर टाकली. पहिली आणि तिसरी लडी डाळिंबी, मधली विटकरी. रंगरेज दोरीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने मधली लडी काढून खिशात घातली.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी मागासमोर व्यापारी, रंगरेज, सासू, सून आणि मी. बोलणं फारसीत; मला सुनेचा दीर इंग्रजीत सांगत होता.

पहिला पर्याय व्यापाऱ्याने मांडला: आहे तसं पुढे विणा. रंगातल्या अशा फरकाला 'अबरश' म्हणतात आणि भटक्या जमातींच्या गालिच्यांत लोक तो कौतुकाने बघतात. काशकाई या भटक्या जमातीतली बाई वाटेत जसं पाणी मिळेल तशी लोकर रंगवते. तिच्या गालिच्यात लाल तीनदा बदलला तर तो प्रवासाचा हिशेब ठरतो. पण हा शहरी गालिचा होता, नकाशावरून विणलेला, ज्याचा वरचा अर्धा खालच्याशी जुळलाच पाहिजे. इथे अबरश म्हणजे खोट. व्यापाऱ्यालाही हे ठाऊक होतं, कारण हेच दुसऱ्या कुणाच्या गालिच्यात दिसलं असतं तर त्याने किंमत पाडली असती.

त्यातही आणखी एक प्रश्न होता. पुढची लोकर कशी रंगवायची? पहिल्या लालासारखी रंगवली तर मधे ३८ सेंटीमीटरचा विटकरी पट्टा अडकणार, तोही मध्याच्या एका बाजूला कललेला. दुसऱ्यासारखी रंगवली तर पट्टा दिसणार नाही, पण गालिचा अर्धा डाळिंबी, अर्धा विटकरी होणार.

दुसरा पर्याय, ३८ सेंटीमीटर सगळे उसवायचे. उसवायला दोन आठवडे, परत विणायला अठ्ठावीस दिवस. लोकर वाया, मजुरी कुणी द्यायची ते अधांतरी, आणि उसवताना पात्याने ताणा कापला जाण्याची भीती.

तिसरा पर्याय बाजारातला: विणून झाल्यावर औषधी धुलाई, म्हणजे रसायनांनी सगळाच रंग उतरवून एकसारखा करायचा. 'दवाशूर' म्हणतात. माझा याला ठाम विरोध होता. त्याने लोकर मरते, आणि दोन लाल एकाच वेगाने उतरतील याची खात्री कोण देणार?

चौथा पर्याय सासूचा, आणि तो मला सुचलाच नसता. तोवर ती गप्प होती. तिने नकाशाच्या फळीवर बोट ठेवलं. गालिच्याचा मध्य १५०वर. विटकरी लोकर सुरू झाली १४२वर, म्हणजे मध्याच्या आठ सेंटीमीटर अलीकडे. मग ती मध्याच्या आठ सेंटीमीटर पलीकडे, १५८वर संपवावी. १८० ते १५८ एवढंच उसवायचं. राहिलेला सोळा सेंटीमीटरचा पट्टा बरोबर मध्यावर येईल, दोन्हीकडे सारखा. आणि तिथे तुरंजाचं पोट सर्वांत रुंद असतं, त्यामुळे लाल अंग दिसतं ते फक्त तुरंज आणि काठ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. दोष तोच, पण नक्षीच्या शिस्तीत बसवलेला.

रेघेच्या दोन्ही कडांना सुईने रफू करून, अधल्यामधल्या गाठी बदलून रेघ पुसट करावी असं मी सुचवलं. (शब्दही तोच, रफू. करणारा रफूगर.) सासू म्हणाली, आधी पट्टा मध्यावर येऊ दे.

केलं काय

चौथा पर्याय ठरला. व्यापाऱ्याला तो पटला त्याचं खरं कारण दिवस होते: सात आठवड्यांऐवजी चार. पुढच्या लोकरीसाठी रंगरेजाने हंडा विहिरीच्या पाण्याने भरला आणि पहिल्या डाळिंबी लालाचा झुपका दारातल्या उन्हात ठेवून, त्याच्याशी ताडून घाण काढली.

उसवणं मी पहिले दोन दिवस बघितलं. सून बाण्याखाली डाव्या अंगठ्याचं नख सरकवायची आणि नखावरून छोटं पातं फिरवायची, म्हणजे घसरलं तर नखाला लागेल, ताण्याला नाही. बाणा कापून ओढला की त्या ओळीच्या गाठी सैल पडत आणि चिमटीने निघत. ओळीमागून ओळ, १६९ ओळी. नवरोजसाठी नुकत्याच झाडून घेतलेल्या खोलीत चादरीवर लाल, निळ्या, साय रंगाच्या लोकरीचा ढीग साचत गेला. ती परत वापरता येत नाही, तुकडे बोटाच्या पेराएवढे असतात. एकदा पातं घसरलंच. तुटलेल्या ताण्याला नवं सूत गाठून घेतलं आणि सून तासभर कुणाशी बोलली नाही.

सुट्टी धरून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विणकाम १५८पासून पुन्हा सुरू झालं. उरलेली विटकरी लोकर फेकली नाही. वरच्या काठातल्या बारीक फुलांत लाल ठिपक्यांना वापरली. रफू केलंच नाही.

८ मे

व्यापाऱ्याच्या मनात एक धाकधूक जानेवारीपासून होती. १२ जानेवारी २०१८ला ट्रम्प यांनी जाहीर केलं होतं की इराणशी झालेल्या अणुकरारात बदल झाले नाहीत तर पुढच्या वेळी निर्बंधांतून सवलत मिळणार नाही. मागासमोरच्या बैठकीत मात्र त्याने हे कुणाला सांगितलं नाही. ८ मे रोजी अमेरिका करारातून बाहेर पडली. गालिचे आणि पिस्ते यांना ९० दिवसांची मुदत मिळाली, ६ ऑगस्टपर्यंत. त्यानंतर आयात बंद.

गालिचा तेव्हा दोनशेच्या आसपास पोचला होता. उरलेले शंभर सेंटीमीटर, वर कातरणं, धुणं, वाळवणं, आणि मधे रमजानचा महिना. हिशेब जुळत नव्हता. व्यापाऱ्याने निरोप धाडला: 'जुफ्ती' घाला. जुफ्ती म्हणजे दोनऐवजी चार ताण्यांवर एक गाठ. काम निम्म्यात होतं, लव विरळ पडते, वेलींच्या कडा दातेरी होतात. सासूने नकार दिला. गालिचा उलटा केला की जुफ्ती लगेच कळते, आणि पाठ बघून विणणारीचं नाव सांगणारे लोक काशानच्या बाजारात आहेत. मला वाटतं तिचा नकार तत्त्वाइतकाच हिशेबी होता. पुढचं काम तिला याच बाजारातून मिळणार होतं.

जूनमध्ये अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने मागणी रद्द केली.

निष्पत्ती

गालिचा ऑगस्टच्या मध्यानंतर मागावरून उतरला. मी तो २०१९च्या वसंतात पाहिला, व्यापाऱ्याच्या दुकानात, दुमडलेल्या थप्पीत वरून तिसरा. अंथरल्यावर माझी नजर थेट मध्यावर गेली, कारण मला माहीत होतं. तुरंजाच्या दोन्ही अंगांना लाल किंचित तापल्यासारखा दिसतो. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, यात काही खोट दिसते का? त्याने काठातला एक कोपरा दाखवला, जो थोडा ओढला गेला होता. मध्याबद्दल काही बोलला नाही.

काही दिवसांनी तो देशातच विकला गेला. रियालमध्ये किंमत ठरल्याहून जास्त आली. पण एप्रिल २०१८मध्ये सरकारने डॉलर ४२,००० रियालला बांधला होता आणि सप्टेंबरपर्यंत खुल्या बाजारात तो दीड लाखाच्या वर गेला होता. डॉलरच्या हिशेबाने व्यापाऱ्याच्या हाती मूळ रकमेच्या निम्म्याहून कमी पडले.

बायकांची मजुरी आदल्या वर्षीच्या रियालमध्ये ठरलेली, ती तेवढीच राहिली. बावीस सेंटीमीटर पुन्हा विणायला लागलेल्या सोळा दिवसांपैकी आठ दिवसांचे पैसे भांडून मिळाले. उसवण्याचे काहीच नाही. चूक पाण्याची, म्हणजे रंगरेजाची. पैसे दोन हप्त्यांत दिल्याने घाणी दोन झाल्या, म्हणजे व्यापाऱ्याची. आणि भरपाई सगळ्यांत जास्त त्यांनी केली ज्यांच्यातल्या एकीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पुन्हा वेळ आली तर

लोक मला विचारतात, न उसवता पुढे विणलं असतं तर ६ ऑगस्ट गाठता आला असता का? मी दिवस मोजून पाहिले आहेत. गालिचा जुलैच्या मध्यानंतर उतरला असता, घाईने धुऊन विमानाने पाठवला असता तर कदाचित. पण मधोमध कललेला पट्टा घेऊन तो पोचला असता आणि गिऱ्हाइकाने ठेवून घेतला असता याची शाश्वती नव्हती. मार्चमध्ये जे माहीत होतं त्यावर सासूचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. व्यापाऱ्याला मुदतीची भीती होती आणि ती त्याने बोलून दाखवली नाही, हे मात्र खटकतं. ती समोर आली असती तर निदान दोन्ही बाजू तोलून ठरवलं असतं.

खरी चुकलेली वेळ फेब्रुवारीतली. नव्या लडीच्या पहिल्या दिवशी जेमतेम दहा ओळी झाल्या होत्या. तेव्हा प्लास्टिकचा एक कोपरा वर करून उन्हात पाहिलं असतं तर एका सकाळीत उसवून झालं असतं. आणि दोन घाणी होणारच असतील तर दोन्ही हाती आल्याशिवाय विणायला बसू नये. एक ओळ एका लालाची, एक दुसऱ्याची अशी मिसळत नेली की फरक सगळ्या गालिच्यात विरून जातो. ही युक्ती सासूला माहीत होती. पण दुसरी घाण यायच्या आधीच तिला मागावर बसवलं होतं.

माझंही एक चुकलं. रंगाचं कारण शोधण्यात मी दोन दिवस रमले आणि उसवण्याची मजुरी कोण देणार हा प्रश्न बैठकीत माझ्यासमोर अधांतरी राहिला तेव्हा गप्प बसले. पाहुणी म्हणून संकोच वाटला. त्या क्षणी व्यापाऱ्याला बायकांची गरज होती. नंतर ती उरली नाही.

२०१९मध्ये त्या घरी नवा गालिचा चढलेला होता, साय रंगाच्या अंगाचा, लाल अगदी थोडा. रंगरेज आता प्रत्येक लडीला चिठ्ठी बांधतो आणि तीवर तारखेशेजारी पाणी कुठलं ते लिहितो. हिवाळ्यात प्लास्टिक परत ठोकलं होतं, पण सुनेने खालचा हातभर भाग मोकळा ठेवून घेतला होता. मजुरीचं विचारलं, तर ती अजूनही तोंडीच ठरली होती.